पापनिवेदन हे हेरखाते नव्हते : वसईच्या इतिहासातील एका सोयीस्कर समजाविरुद्ध

१.
वसईच्या मोहिमेविषयी कोठेही लिहिले, की प्रतिक्रियांमध्ये एक विधान हमखास उमटते : 'कन्फेशन म्हणजे पोर्तुगिजांचे हेरखाते. लोक पाद्र्याच्या कानात गुपिते सांगत आणि ती थेट इन्क्विझिशनपर्यंत पोहोचत.' विधान आटोपशीर आहे, ऐकताक्षणी पटणारे आहे आणि मुळातच चुकीचे आहे. हा धागा त्याच्या खंडनासाठी आहे. धागा लांब आहे. कृपया शेवटपर्यंत वाचावा आणि मगच वाद घालावा.

२.
मी कॅथलिक नाही. मी भिवंडीजवळच्या शेलारमध्ये राहतो. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली, तेव्हा पश्चिमेला खाडीच्या मुखाशी असलेली वसई पोर्तुगिजांकडे होती आणि पुढे ८२ वर्षे त्यांच्याकडेच राहिली. म्हणजे आमचा मुलूख अक्षरशः सीमेवरचा. तरीही पापनिवेदनाविषयीचे आमच्याकडचे ज्ञान हिंदी चित्रपटांतील लाकडी खोक्यापलीकडे जात नाही. शेजाऱ्याच्या आयुष्यातील इतक्या मूलभूत विधीविषयी इतके अज्ञान बाळगून आपण त्याचा इतिहास ठामपणे सांगतो, हे मला खटकते.

३.
प्रथम विधी समजून घेऊ. मराठी ख्रिस्ती त्याला प्रायश्चित्त संस्कार किंवा पापनिवेदन म्हणतात. गोव्याच्या कोकणीत पोर्तुगीज शब्द झिजून 'कुमसार' झाला. आरंभीच्या ख्रिस्ती समाजात गंभीर पापाचे प्रायश्चित्त उघड, सर्वांसमक्ष असे. एकट्याने धर्मगुरूच्या कानात सांगण्याची रीत सहाव्या-सातव्या शतकांत आयरिश मठवासीयांकडून युरोपात पसरली. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने ती सक्तीची केली : जाणते वय झालेल्या प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे.

४.
याच नियमात आणखी एक गोष्ट आहे आणि तिचा उल्लेख आपल्याकडे कोणी करत नाही. ऐकलेले पाप उघड करणाऱ्या धर्मगुरूला पदच्युत करावे आणि आजन्म प्रायश्चित्तासाठी कडक शिस्तीच्या मठात डांबावे, असे १२१५ चीच परिषद सांगते. नियम आहे म्हणून तो सर्वांनी पाळलाच, असे इतिहासाचा विद्यार्थी म्हणणार नाही. परंतु 'संपूर्ण व्यवस्थाच फितूर होती' असे म्हणायचे असेल, तर पुरावा देण्याची जबाबदारी म्हणणाऱ्यावर येते. आजवर मला उत्तरादाखल मिळाले आहेत ते केवळ फॉरवर्ड.

५.
आता वसईकडे येऊ. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. १५४० च्या दशकात फ्रान्सिस्कन आणि जेझुइट धर्मगुरू तेथे आले आणि धर्मांतरे सुरू झाली. येथे दुसरा लोकप्रिय समज येतो : नवख्रिस्त्याला पहिल्याच पापनिवेदनात आपल्या हिंदू आयुष्याचा सारा हिशेब द्यावा लागे. हे धर्मशास्त्राच्या दृष्टीने अशक्य आहे. कॅथलिक सिद्धान्तानुसार बाप्तिस्म्याने आधीची सर्व पापे धुतली जातात. बाप्तिस्म्यापूर्वीच्या पापांचे निवेदन करायचेच नसते.

६.
म्हणजे प्रौढपणी धर्मांतरित झालेला शेतकरी पहिल्यांदा पापनिवेदनाला बसे, तेव्हा तो बाप्तिस्म्यानंतरचे आयुष्य सांगत असे. भांडण, चोरी, खोटी शपथ, व्यभिचार हे तर आलेच. पण दहा आज्ञांतील पहिल्याच आज्ञेशी त्याची गाठ पडे. आजारी मुलासाठी गावदेवीला नवस बोलला का? पेरणीसाठी मुहूर्त पाहिला का? जुन्या दैवतांना वर्ज्य ठरवणाऱ्या त्या आज्ञेखाली असेच प्रश्न येत. त्या क्षणी त्याच्या लक्षात येत असावे, की कालपर्यंत जे कर्तव्य होते ते आज पाप झाले आहे. या विधीतील खरी हिंसा शोधायची असेल, तर ती येथे शोधावी. गुपित बाहेर फुटण्याची वाट पाहावी लागत नाही. माणसाने स्वतःच्या आजीच्या श्रद्धेला स्वतःच्या तोंडाने अपराध म्हणावे, हेच पुरेसे आहे.

७.
त्या प्रसिद्ध लाकडी खोक्याविषयीही थोडे. त्याचा प्रसार मिलानचे आर्चबिशप कार्लो बोरोमेओ यांनी केला. १५७७ च्या त्यांच्या बांधकामविषयक सूचनांत जाळी लावलेल्या आडपडद्याचे वर्णन आहे. हेतू होता धर्मगुरू आणि विशेषतः स्त्रिया यांच्यात अंतर राखण्याचा, तेही चर्चच्या उघड्या भागात, लोकांच्या नजरेसमोर. म्हणजे खोके आले ते धर्मगुरूवरच्या अविश्वासातून. वसईतील पहिल्या पिढीच्या धर्मांतरितांनी ते पाहिलेही नसणार. बसलेला धर्मगुरू आणि शेजारी गुडघे टेकलेला माणूस, एवढेच त्या काळचे दृश्य.

८.
आता इन्क्विझिशन. गोव्यात ते १५६० मध्ये आले, १७७४ मध्ये बंद झाले, काही वर्षांतच पुन्हा सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे संपले. त्याची क्रूरता मी नाकारत नाही; १७३६ च्या त्याच्या आदेशाने गोव्यातील ख्रिस्ती घरांत उरलेल्या हिंदू चालीरीतींवर बंदी घातली, इतकी त्याची नजर बारीक होती. पण ही नजर कोठून येत असे? चर्चमध्ये जाहीरनामा वाचला जाई : अमुक प्रकारचे आचरण कोणी पाहिले असेल, तर ठरलेल्या मुदतीत येऊन कळवावे, अन्यथा बहिष्कार. माहिती देत ते शेजारी, नातलग, भाऊबंद, वैरी. ज्या न्यायासनाला अख्खे गाव साक्षीदार म्हणून उपलब्ध आहे, त्याला पापनिवेदनाचे गुपित फोडण्याची गरज काय?

९.
तरीही या दोन संस्थांमध्ये एक दार होते आणि ते झाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पाखंडासारख्या पापाची क्षमा करणे सामान्य धर्मगुरूच्या अधिकारात नव्हते. असे पाप ऐकले, तर तो पापमुक्ती रोखून धरी आणि सांगे : आधी न्यायासनासमोर जा. इटलीत तर १५५९ पासून, ज्याला पाखंड्यांची नावे ठाऊक आहेत त्याने ती कळवल्याखेरीज त्याला पापमुक्ती देऊ नये, असा दंडक आला. धर्मगुरू स्वतः चहाडी करत नसे. चहाडी करण्याचे ओझे तो गुडघे टेकलेल्या माणसाच्या विवेकावर ठेवत असे. हे हेरगिरीपेक्षा निराळे आहे आणि माझ्या मते अधिक भयंकर आहे. मात्र निराळ्या गोष्टीला निराळे नाव द्यावे लागते.

१०.
या दोन प्रकारच्या कबुलींतील गोंधळाची किंमत शार्ल देलों या फ्रेंच वैद्याने मोजली. १६७३ मध्ये दमणला असताना आपल्या काही बोलण्यावरून तक्रार होईल, या भीतीने तो आपणहून इन्क्विझिशनच्या कमिसरीकडे गेला आणि सारे सांगून मोकळा झाला. प्रामाणिक कबुलीला क्षमा मिळते, अशी त्याची समजूत. त्याला अटक झाली, वसईच्या तुरुंगात ठेवले गेले आणि जानेवारी १६७४ मध्ये गोव्याला नेले गेले. १६८७ मध्ये त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि युरोप हादरला. देलोंने पापनिवेदन केले नव्हते. त्याने जबानी दिली होती. पापनिवेदनात बोलणे तेथेच संपते. जबानीचा कागद होतो.

११.
आणखी एक तपशील या सरळसोट कथेला तडा देतो. पापनिवेदनाच्या निमित्ताने स्त्रीला वश करू पाहणारा धर्मगुरू हा स्वतःच इन्क्विझिशनच्या कक्षेतील गुन्हेगार होता. १६२२ मध्ये पोप ग्रेगरी पंधरावे यांनी हा नियम सर्वत्र लागू केला. म्हणजे काही खटल्यांत स्त्री तक्रारदार असे आणि धर्मगुरू आरोपी. यावरून इन्क्विझिशन स्त्रियांचे कैवारी ठरत नाही. एवढेच दिसते, की चर्च आपल्याच धर्मगुरूंना भीत होते आणि 'कान' व 'न्यायासन' यांच्यात संशयाचे नाते होते.

१२.
मग पापनिवेदनात सत्तेचे स्थान कोठे होते? ते यादीत होते. पोर्तुगीज पॅरिशांमध्ये 'रोल' नावाची नोंदवही असे : उपवासकाळात कोणी पापनिवेदन केले, कोणी केले नाही. काय सांगितले याची नोंद नाही. आला की नाही एवढीच. १२१५ च्या नियमानुसार न येणाऱ्याला हयातीत चर्चबंदी आणि मृत्यूनंतर ख्रिस्ती दफन नाही. धर्म, वस्ती आणि राजनिष्ठा यांची वर्षातून एकदा होणारी ही हजेरी होती. राज्यसंस्थेला तुमच्या अंतःकरणाची चौकशी करण्यापेक्षा तुमची हजेरी घेणे नेहमीच सोपे वाटते. हे आधारकार्डाच्या रांगेत उभे राहिलेल्या पिढीला समजावून सांगावे लागू नये.

१३.
आता माझा मुख्य मुद्दा. पापनिवेदनाच्या कोकणातील इतिहासात सर्वांत मोलाची गोष्ट कोणती? माझे उत्तर : भाषा. मिस्सा लॅटिनमध्ये चालत असे. न कळणारी मिस्साही पूर्ण ठरे. बाप्तिस्म्याचा विधीही लॅटिनमध्ये उरकता येई. पण माणसाला स्वतःचे पाप न येणाऱ्या भाषेत सांगता येत नाही. धर्मगुरूचा शेवटचा क्षमामंत्र लॅटिन असला, तरी त्याआधीचे सारे बोलणे माणसाच्या घरच्या बोलीत व्हावे लागे. साऱ्या संस्कारांत हाच एक असा होता, की जेथे राज्यकर्त्याच्या धर्मगुरूला रयतेची भाषा शिकावी लागे.

१४.
दुभाषा नेमता येत नव्हता का? येत होता. पण दुभाष्यामार्फत पाप सांगण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, हे कॅथलिक कायद्याचे तत्त्व आहे. कारण उघड आहे : दुभाषा गावातलाच असणार. म्हणून धर्मगुरूंसाठी पुस्तके निघाली. जेझुइट एन्रिके एन्रिकेश यांची तमिळमधील पापनिवेदनाची पोथी १५८० मध्ये कोचीनला छापली गेली. भारतीय भाषांतील आरंभीच्या मुद्रित पुस्तकांपैकी एक पुस्तक पाप कसे सांगावे हे शिकवणारे आहे, ही गोष्ट मुद्रणाच्या इतिहासात आपण किती सहज विसरतो!

१५.
आपल्याकडे हे काम थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने केले. १५७९ मध्ये तो गोव्यात आला. त्याचे मराठीतील 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. क्रिस्तपुराणाच्या ओव्यांवर आपण भाषणे देतो. पण त्याने कोकणीत प्रश्नोत्तरांची धर्मशिक्षणाची पोथीही लिहिली, जी १६२२ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाली. त्याचे कोकणी व्याकरण १६४० मध्ये छापून आले. हे व्याकरण भाषाप्रेमातून आले असे समजणे भाबडेपणाचे आहे. धर्मगुरूला प्रवचन करायचे होते आणि कान द्यायचा होता. 'मी मारले', 'मी मारणार होतो' आणि 'मला मारावेसे वाटले' यांतील भेद ज्याला कळत नाही, तो पापाचे वजन कसे करणार?

१६.
वसई-साष्टीच्या मुलुखाचीही स्वतःची साक्ष आहे. फ्रान्सिस्को वाझ द गिमारायंश यांनी १६५९ मध्ये ख्रिस्ताच्या दुःखसहनावरील पुराण उत्तर कोकणच्या मराठी बोलीत रचले. धर्मगुरूच्या लेखणीत ही बोली आली कोठून? दरबारातून खासच नाही. ती लोकांच्या तोंडून, त्यांच्या रोजच्या सहवासातून आली आणि या सहवासातील सर्वांत सखोल संभाषण पापनिवेदनाचे होते. हा माझा तर्क आहे आणि तो तर्क म्हणूनच वाचावा.

१७.
भाषेचा हा प्रश्न चर्चलाही छळत होता. १६०६ मध्ये गोव्याच्या पाचव्या प्रांतिक परिषदेने ठरवले, की स्थानिक भाषा न येणाऱ्या धर्मगुरूकडे पॅरिश सोपवू नये. पुढे चक्र उलटे फिरले. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर याने फर्मान काढले : लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावे आणि स्थानिक भाषा सोडावी. १७४५ मध्ये आर्चबिशपांनी पोर्तुगीज न येणाऱ्यांच्या विवाहावर निर्बंध आणले. १८५८ मध्ये कुन्हा रिवारा यांनी कोकणीच्या इतिहासावर लिहिताना या बंदीचा दोष भाषा न शिकलेल्या फ्रान्सिस्कनांना दिला.

१८.
या दोन आदेशांतील अंतर नीट पाहा. १६०६ सांगते : ऐकणाऱ्याने शिकावे. १६८४ सांगते : बोलणाऱ्याने बदलावे. वसाहतवाद म्हणजे काय, हे याहून थोडक्यात सांगता येणार नाही. आणि ते फर्मान फसले. कोकणी आज जिवंत आहे. वसईत कादोडी आणि वाडवळी बोली जिवंत आहेत. चूल सांभाळणाऱ्या बाईने, मासे विकणाऱ्या कोळणीने आपले दुःख पोर्तुगीजमध्ये सांगावे, ही अपेक्षा फर्मानाने पूर्ण होणारी नव्हतीच.

१९.
आता हेरखात्याच्या सिद्धान्ताची खरी कसोटी घेऊ. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज राज्य गेले, इन्क्विझिशनचा हात तुटला, युरोपीय धर्मगुरू निघून गेले. शरणागतीच्या तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक होती. पापनिवेदन केवळ पोर्तुगीज सत्तेचे साधन असते, तर ते सत्तेबरोबरच संपायला हवे होते.

२०.
ते संपले नाही. मराठी अमलात एतद्देशीय धर्मगुरूंकडे लोक जात राहिले. तेथे इन्क्विझिशनचा कमिसरी नव्हता आणि गैरहजेरी हेरणारे पोर्तुगीज राज्यही नव्हते. धर्म सोडण्याची वाट मोकळी होती, तरी हजारो कुटुंबे राहिली आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीने आपल्या मुलांना पहिल्या पापनिवेदनाला नेले. लादलेली गोष्ट पुढच्या पिढ्यांची स्वतःची होऊ शकते, हे ज्याला मान्य नाही, त्याने इतिहासाऐवजी पंचनामे लिहावेत. चिमाजी अप्पांच्या विजयाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी त्यांच्या तहाचाही मान राखावा.

२१.
'पण आपल्याकडे असे काही नव्हते,' असेही ऐकू येते. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी मंडळी चहाच्या कार्यक्रमाला गेली. गोपाळराव जोशी यांनी त्यांची नावे वर्तमानपत्रात छापली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसाला प्रायश्चित्त घ्यावे लागले. पाप : चहा. साक्षीदार : अख्खे पुणे. आमची प्रायश्चित्ताची रीत जातीसमोर उघड होती, त्यांची कानापुरती. दोन्हींत सत्ता होती. पण 'गुप्तहेरगिरी'चा आरोप कानापुरत्या रीतीवर आणि सूट चव्हाट्यावरच्या रीतीला, हा न्याय कसला?

२२.
कॅथलिक बाजूच्या मित्रांनाही एक शब्द. 'हा शुद्ध आध्यात्मिक संस्कार आहे, त्यात राजकारण आणू नका,' हे म्हणणेही टिकत नाही. हजेरीच्या याद्या, रोखून धरलेली पापमुक्ती, आजीच्या देवाला पाप ठरवणारे प्रश्न, हे सारे चर्चच्याच अभिलेखांत आहे. ज्या संस्थेने माणसाला स्वतःची झडती घ्यायला शिकवले, तिने स्वतःच्या झडतीला भिऊ नये.

२३.
आज पहिले पापनिवेदन हे मुख्यतः लहान मुलांचे असते. पोप पायस दहावे यांच्या ८ ऑगस्ट १९१० च्या आदेशाने जाणते वय सुमारे सात वर्षांचे धरले गेले. आधी पापनिवेदन, मग पहिला ख्रिस्तप्रसाद. वसईतील सात-आठ वर्षांचे मूल भावाशी भांडलो, आईशी खोटे बोललो, असे फादरांना मराठीत सांगते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये लोकभाषेला वाट मोकळी करून दिली आणि मगच मिस्सा मराठीत आली. मिस्सेच्या सुमारे चार शतके आधी पापनिवेदन मराठीत आले होते. वेदीवर मराठीला जागा नव्हती, तेव्हा ती कानाशी होती.

२४.
हा वाद केवळ जुन्या कागदांचा नाही. 'सुबोध बायबल'चे लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा केवळ धर्मगुरू म्हणून त्यांना विरोध झाला. जणू मराठी त्यांच्याकडे पाहुणी म्हणून आली होती! वसईच्या ख्रिस्ती माणसाने आपले सर्वांत लाजिरवाणे, सर्वांत खासगी बोलणे शतकानुशतके ज्या भाषेत केले, ती त्याची भाषा नव्हे, असे ठरवण्याचा अधिकार कोणाला? भाषा कोणाची, याची याहून मोठी कसोटी मला ठाऊक नाही.

२५.
म्हणून, मित्रहो, पुढच्या वेळी 'कन्फेशन म्हणजे हेरखाते' असे लिहिलेले दिसले, तर तीन प्रश्न विचारा. माहिती पापनिवेदनातून गेली की जाहीरनाम्यावरून आलेल्या तक्रारीतून? बोलणारा क्षमेसाठी बोलत होता की जबानी देत होता? आणि १७३९ नंतर हा विधी का टिकला? तिन्हींची पुराव्यानिशी उत्तरे असतील, तर माझे हे सारे विवेचन खोडून काढा. मी ते आनंदाने वाचेन. नसतील, तर निदान ते विधान पुढे पाठवू नका.

(धागा समाप्त)